रुपयाचे वाटे

अर्थसंकल्पाच्या दिवशी टीव्हीवाले बायकांकडे एकच प्रश्न घेऊन येतात, ‘‘काय ताई, स्वयंपाकघराचं बजेट कोलमडणार का?’’ दुसऱ्या दिवशीच्या पेपरात दोन चौकटी असतात, एकीत ‘हे स्वस्त’ आणि दुसरीत ‘हे महाग’. खरं तर १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि साबण, तेल, टूथपेस्टवरचा कर ठरवण्याचं काम जीएसटी परिषदेकडे गेलं. अर्थमंत्र्यांच्या भाषणात आता आपल्या वाणसामानाच्या यादीतलं फारसं काही स्वस्त-महाग होत नाही. तरी प्रश्न तोच आणि चौकटीही त्याच!

मग त्या भाषणात आपल्यासाठी उरतं काय? उरतो तो खर्च. सरकारच्या हातात आलेला रुपया कुणाकुणाला किती पैसे वाटला जातो, हे त्या दिवशी ठरतं. माझ्या मते बायकांनी बघायची गोष्ट ती आहे. कारण सरकारने एखाद्या कामातून हात काढून घेतला की ते काम संपत नाही. ते गुपचूप कुणाच्या तरी घरी येतं, आणि घरात ते बहुतेक वेळा बाईच्याच वाट्याला येतं.

मी काही अर्थशास्त्राची विद्यार्थिनी नाही. बीएला माझा विषय इतिहास. पण पंधरा-सोळा वर्षं बचत गट, अंगणवाडी, रेशन यांच्या कामात फिरताना एक सवय लागली, कुठलाही सरकारी आकडा दिसला की तो दहा वर्षांपूर्वी किती होता, ते शोधायचं. एका वर्षाचा आकडा फसवतो. पाच-दहा वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी ठेवले की ते बोलायला लागतात.

घरचंच बघा ना. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीच्या हिशेबाच्या वहीत लँडलाइनचं बिल आहे, केबलवाला आहे, पोस्टाची आरडी आहे. आजच्या वहीत घरकर्जाचा हप्ता आहे, मुलीच्या क्लासची फी आहे, सासूबाईंची औषधं आहेत, चार मोबाइलचे रिचार्ज आहेत. आरडी कधी बंद पडली, ते वही चाळल्याशिवाय सांगता येणार नाही. एका दिवशी बसून कुणी ठरवलं नव्हतं, की आता बचत कमी करून हप्ता भरायचा. एकेक गरज आली, एकेका खर्चाने दुसऱ्याला जरा बाजूला सरकवलं. सरकारची वहीही अशीच बदलते. फरक इतकाच, की तिथे बाजूला सरकवलं गेलेलं कुणीतरी माणूस असतं.

स्वतंत्र भारताचा पहिला अर्थसंकल्प २६ नोव्हेंबर १९४७ ला आर. के. षण्मुखम चेट्टी यांनी मांडला. तो जेमतेम साडेसात महिन्यांचा होता. खर्च १९७.३९ कोटी रुपये आणि त्यातले ९२.७४ कोटी एकट्या संरक्षणाचे. म्हणजे रुपयातले जवळजवळ ४७ पैसे! देश नुकताच फाळला गेला होता, काश्मीर पेटलं होतं. निर्वासितांची सोय करायची होती, परदेशातून धान्य आणायचं होतं. त्या वहीत शाळा-दवाखान्यांना फारशी जागा नव्हतीच.

पुढे १९५० ते ५६ देशाची तिजोरी आपल्या चिंतामणराव देशमुखांकडे होती. त्याच काळात पहिली पंचवार्षिक योजना आली आणि पैसा शेती, धरणं, वीज यांच्याकडे वळला. दुसऱ्या योजनेत कारखाने पुढे आले. मग १९६२ साली चीनचं युद्ध झालं. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला असं तेव्हा म्हटलं गेलं. पण सह्याद्रीबरोबर पैसाही धावला. दोनच वर्षांत संरक्षणखर्च दुपटीहून अधिक झाला. तो योग्यच होता, पण त्यासाठी बाकीच्या स्वप्नांना थांबावं लागलं. १९६५ चं युद्ध आणि दोन वर्षांचा दुष्काळ आल्यावर तर १९६६ ते ६९ पंचवार्षिक योजनाच बाजूला ठेवावी लागली.

आता २०२५-२६ चा अर्थसंकल्प घ्या. केंद्राचा एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी, त्यात संरक्षण ६.८१ लाख कोटी. म्हणजे आकडा कुठल्या कुठे गेला, पण वाटा ४७ पैशांवरून साधारण साडेतेरा पैशांवर आला. मग आज सगळ्यात मोठा घास कोण घेतं? व्याज! १२.७६ लाख कोटी, म्हणजे खर्चाच्या रुपयातला चार आण्याचा वाटा. (पेपरातल्या ‘रुपया असा जातो’च्या वर्तुळात व्याज २० पैसे दिसतं, कारण त्या रुपयात राज्यांना द्यायचा करातला हिस्साही धरलेला असतो. वर्तुळ बघताना हे लक्षात ठेवा.)

घरात हप्ते वाढले की काय होतं, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. हप्ता चुकवता येत नाही, पगार-पेन्शन थांबवता येत नाही, सीमेवरचा खर्च टाळता येत नाही. मग हात कुठे आखडतो? जिथे आखडल्याचा लगेच आवाज होत नाही तिथे. एखादी नर्सची जागा भरली नाही, शाळेचं गळकं छप्पर पुढच्या वर्षावर ढकललं, अंगणवाडीच्या इमारतीचं भाडं थकलं, तर त्या दिवशी टीव्हीवर कुणी येत नाही.

सरकारी खर्चाची दिशा बाईच्या बाजूने बदलल्याचं एक मोठं उदाहरण आपल्याच राज्याचं आहे. १९७२ चा दुष्काळ. त्या दुष्काळात गावोगाव कामं निघाली आणि हजारो बाया खडी फोडायला, माती वाहायला उतरल्या. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेने तेव्हा मूळ धरलं. मागेल त्याला काम देणं ही सरकारची जबाबदारी, असा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. या योजनेला पैसा हवा म्हणून १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कर बसवला. नोकरदार मैत्रिणींनो, पगाराच्या स्लिपमध्ये ‘पीटी’ म्हणून दोनशे रुपये कापलेले दिसतात आणि फेब्रुवारीत तीनशे, तोच हा कर. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून खेड्यातल्या मजूर बाईच्या ओंजळीत जाण्यासाठी तो जन्माला आला. २०२३ पासून महिना पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना त्यातून सूट आहे.

मला या गोष्टीत आवडतं ते हे, की खर्च वाढवताना ‘पैसा कुठून’ याचंही उत्तर तेव्हा बरोबरच दिलं गेलं. नवी योजना जाहीर झाली की आज हा प्रश्न किती वेळा विचारला जातो?

महाराष्ट्राची ही कल्पना २००५ साली देशाचा कायदा झाली आणि मजुरीचा सगळा पैसा केंद्राकडून यायला लागला. करोनाच्या वर्षी, २०२०-२१ मध्ये, शहरं बंद पडली, माणसं चालत गावी परतली, तेव्हा या योजनेवर एक लाख अकरा हजार कोटींच्या आसपास खर्च झाला. संकट आलं आणि वाटा वाढला, १९७२ सारखंच. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा केला. कामाचे दिवस १०० वरून १२५ झाले, हे सगळ्यांनी ऐकलं. पण खर्चाची विभागणी बदलून बहुतेक राज्यांनी ४० टक्के वाटा उचलायचा, हे किती जणींपर्यंत पोहोचलं? राज्याला तो पैसा स्वतःच्या तिजोरीतून काढावा लागणार. राज्याची तिजोरी आधीच ओढगस्तीची असेल, तर दिवस कागदावर वाढतील, हातात किती येतील ते बघावं लागेल.

खर्चाचा असा पत्ता बदलणं ही फार महत्त्वाची गोष्ट आहे. २०१५ साली हेच झालं होतं. चौदाव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतला राज्यांचा हिस्सा ३२ टक्क्यांवरून ४२ टक्के केला. चांगली गोष्ट झाली, राज्यांना मोकळा पैसा मिळाला. पण त्याच वर्षी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाची तरतूद सुमारे २१ हजार कोटींवरून सुमारे १० हजार कोटींवर आली. म्हणे आता तुमच्याकडे जास्त पैसा आहे, तुम्ही बघा. ओरड झाल्यावर पुरवणी मागण्यांमधून काही भर घातली गेली. पण मधल्या काळात अंगणवाडीतल्या मुलाने काय करायचं? त्याची भूक केंद्राच्या यादीतली की राज्याच्या, हे त्याला कुठे ठाऊक असतं!

आपल्या घरात हा प्रकार अनोळखी नाही. थोरल्याने म्हणायचं, आईचं औषध धाकटा आणेल. धाकट्याने म्हणायचं, दादाला पगार जास्त आहे. आणि आई तोपर्यंत अर्धी गोळी घेऊन दिवस काढणार.

आता ज्या दोन खात्यांशी आपला रोजचा संबंध येतो, त्यांच्याकडे बघू. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च व्हावा, असं कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितलं. १९६८ च्या शिक्षण धोरणाने ते मान्य केलं. १९८६ च्या धोरणात ते पुन्हा आलं, २०२० च्या धोरणातही पुन्हा आलं. एकच वचन तीन वेळा द्यावं लागतं, याचा अर्थ आपल्याला कळतो. मध्यंतरी २००४ मध्ये करावर दोन टक्के शिक्षण उपकर आला, २००७ मध्ये आणखी एक टक्का, २०१८ मध्ये आरोग्य धरून चार टक्के. उपकर आला म्हणून मूळ तरतूद तशीच राहिली पाहिजे, हे बघणारं कुणीतरी हवं, नाहीतर एका खिशातला पैसा दुसऱ्या खिशात, एवढंच होतं.

आपल्या राज्यात तर मला आठवतं, नव्वदीच्या अखेरीला पाचवा वेतन आयोग लागू झाला, पगाराचा बोजा वाढला आणि २००० साली ‘शिक्षणसेवक’ आले. प्राथमिक शाळेत पूर्ण शिक्षकाचं काम, तीन वर्षं, महिना तीन हजार रुपयांवर. माझ्या बरोबरीच्या किती तरी डीएड झालेल्या मुली या तीन हजारांवर आडगावच्या शाळेत रुजू झाल्या. एसटीचा पास आणि खोलीचं भाडं गेलं की हातात काय उरायचं ते त्यांनाच माहीत. पुढे ही रक्कम वाढत गेली, २०२३ मध्ये ती सोळा हजार झाली. पण ‘पगार’ टाळून ‘मानधन’ देण्याची ही वाट तेव्हापासून रुळली.

ही वाट बाईच्या अंगणातून जाते, हे मला फार उशिरा कुणी सांगितलं नाही, मी रोजच बघत होते. अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ प्रकल्पांमध्ये सुरू झाली. आज देशभर सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि त्याबरोबर आशाताई आल्या, आज त्या दहा लाखांच्या आसपास आहेत. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाया वेगळ्याच. म्हणजे गेल्या पन्नास वर्षांत बालपोषण आणि आरोग्य यांवरचा सरकारी खर्च वाढला, हे खरंच आहे. पण ते काम करणारी ही एवढी मोठी फौज बायकांची आहे आणि ती पगारावर नाही. केंद्राने अंगणवाडी सेविकेचं मानधन २०१८ मध्ये तीन हजारांवरून साडेचार हजार केलं, त्यात राज्य आपली भर घालतं. खिचडीवाल्या ताईंसाठी केंद्राने २००९ मध्ये ठरवलेला दर होता महिना एक हजार. आशांना कामागणिक मोबदला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला, तेव्हा आमच्याकडच्या आशाताईंना आम्ही पेढे दिले. त्यांच्यातली एक हसत म्हणाली, ‘‘ताई, मानधनात मान पण नाही अन् धन पण नाही. आज निदान मान तरी मिळाला.’’

सरकारने खर्च वाढवताना जिथे काटकसर केली, ती या बायकांच्या श्रमात केली. वेतन आयोग आले तसे कायम नोकरीतल्यांचे पगार वाढत गेले, आणि नवं काम मानधनावर गेलं. बाई घरात मुलांना सांभाळतेच, आजाऱ्याचं करतेच, रांधतेच, मग गावासाठी तेच करायला तिला पगार कशाला, असा विचार त्याच्या मुळाशी आहे. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं, असं दिसलं. त्या २८९ मिनिटांची किंमत कुठल्याच अर्थसंकल्पात नसते.

आरोग्याचं चित्र थोडं आशेचं आहे, तेही सांगायला हवं. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०१३-१४ मध्ये आरोग्यावरच्या एकूण खर्चातला ६४ टक्के पैसा लोक स्वतःच्या खिशातून घालत होते. २०२१-२२ मध्ये तो वाटा ३९ टक्क्यांवर आला. त्याच काळात सरकारचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.१५ टक्क्यांवरून १.८४ टक्क्यांवर गेला. त्यातलं एक वर्ष करोनाचं होतं, हे विसरून चालणार नाही. २०१७ च्या आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत अडीच टक्के गाठायचं ठरलं होतं. पण सरकारचा वाटा वाढला की घराचा वाटा कमी होतो, हे या दोन आकड्यांत स्पष्ट दिसतं. आणि घराचा वाटा म्हणजे काय? गहाण पडलेलं मंगळसूत्र, कॉलेज सोडलेली मुलगी, दवाखान्याच्या व्हरांड्यात पंधरा दिवस बसून पेशंटचं सगळं करणारी सून. सरकारी दवाखान्यात नर्स पुरेशा नसतात, तेव्हा ते नर्सचं काम कोण करतं, ते एकदा वॉर्डात जाऊन बघावं.

मग येतो रोख पैशाचा विषय. महाराष्ट्राने जून २०२४ च्या अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर केली, पात्र स्त्रीला महिना दीड हजार रुपये. शहरातल्या काही सुखवस्तू मैत्रिणी या पैशाला नाकं मुरडतात, मला ते पटत नाही. आमच्या गटातल्या एक मावशी साठीच्या घरात आल्या तरी त्यांच्या नावावर कधी पैसा आला नव्हता. पहिल्या हप्त्यातून त्यांनी स्वतःसाठी चष्मा केला. मुलाला न विचारता! त्या चष्म्याची किंमत मला कुठल्याही तज्ज्ञाकडून समजून घ्यायची नाही.

पण वहीची दुसरी बाजूही वाचायला हवी. २०२५-२६ मध्ये या योजनेसाठी ३६ हजार कोटींची तरतूद झाली. राज्याचा एकूण अर्थसंकल्प सात लाख कोटींचा, म्हणजे रुपयातले पाच पैसे या एका योजनेचे. त्याच वर्षी महसुली तूट ४५,८९१ कोटी दाखवली होती. पाच पैसे नव्याने द्यायचे, तर ते कुणाच्या तरी वाट्यातून निघणार किंवा उसने घेतले जाणार. २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचा निधी या योजनेकडे वळवल्यावरून त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी बोलून दाखवली होती. म्हणजे एका बहिणीच्या ताटातलं दुसरीच्या ताटात? दीड हजार रुपये हवेतच. पण त्यासाठी वसतिगृहातल्या मुलीची शिष्यवृत्ती लांबणार असेल, तर ते देणं कुणाच्या जिवावरचं, हे विचारलं पाहिजे. आणि उसनवारीचा चटका तर आपल्याच मुलांना बसणार आहे.

उसनवारी कधी कधी दिसतही नाही. २०१९-२० मध्ये केंद्राचं अन्न अनुदान १.०९ लाख कोटींच्या आसपास होतं, पुढच्या वर्षी ते एकदम ५.४१ लाख कोटी झालं. करोनातलं मोफत धान्य हे एक कारण. दुसरं असं, की आधीची काही वर्षं सरकार अन्न महामंडळाला अनुदान पुरतं देत नव्हतं, महामंडळ राष्ट्रीय अल्पबचत निधीतून कर्ज काढून भागवत होतं. ते कर्ज त्या वर्षी फेडलं. अल्पबचत निधी म्हणजे कोणता पैसा? आपल्या पोस्टातल्या ठेवी, आपल्या मुलींची सुकन्या खाती! खर्च होत होता, फक्त वहीत लिहिला जात नव्हता.

आणि जे वहीत लिहिलं, ते खरोखर त्याच कामाला गेलं का? केंद्रात २००५-०६ पासून ‘जेंडर बजेट’चं वेगळं पत्रक निघतं. स्त्रियांसाठीच असलेल्या योजना एका भागात, आणि ज्यांतला किमान ३० टक्के पैसा स्त्रियांसाठी आहे त्या दुसऱ्या भागात. २०२५-२६ मध्ये ही रक्कम ४.४९ लाख कोटी, एकूण खर्चाच्या ८.८६ टक्के होती. ऐकायला छान वाटतं. पण यादी उघडली की घरकुल योजनेसारख्या मोठ्या रकमा त्यात दिसतात, ज्यांचा लाभ अख्ख्या घराला होतो. ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’चंही घ्या. संसदेच्या महिला सक्षमीकरण समितीने, जिच्या अध्यक्ष तेव्हा नंदुरबारच्या खासदार हीना गावित होत्या, २०२१ मध्ये दाखवून दिलं, की २०१६ ते १९ या काळात दिलेल्या ४४६.७२ कोटींपैकी ७८.९१ टक्के जाहिरात-प्रसिद्धीवर गेले. मुलींच्या शिक्षणाला आणि आरोग्याला उरले ते चतकोर. म्हणून अर्थसंकल्पात नेहमी तीन आकडे बघायचे, आधी ठरवलेला, मग सुधारित आणि शेवटी प्रत्यक्ष खर्च झालेला. पेपरात मथळा पहिल्याचा येतो आणि सत्य तिसऱ्यात असतं.

‘‘ताई, दिल्लीचे आणि मुंबईचे आकडे वाचून आम्ही काय करणार?’’ असं मला बैठकीत नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे. म्हणून मी म्हणते, सुरुवात आपल्या गावापासून करा. ग्रामपंचायतीने उत्पन्नाच्या १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, जिल्हा परिषदेनेही स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के, महापालिका-नगरपालिकांमध्ये ५ टक्के. हे किती जणींना माहीत असतं? 

काही वर्षांपूर्वी एका गावात आमच्या गटातल्या आठ-दहा जणींनी ग्रामसेवकांकडे तीन वर्षांचा हिशेब मागितला. आधी टाळाटाळ झाली. मग एकीने माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचं तिकीट लावून दिला. कागद आले तेव्हा दिसलं, की एक वर्ष हा पैसा ग्रामपंचायतीच्या कंपाउंडला गेला होता, एक वर्ष खर्चच झाला नव्हता आणि एक वर्ष शिलाई मशीन वाटली होती. मशीन कुणाला मिळाल्या, ते विचारू नका. पुढच्या महिला ग्रामसभेत बायकांनी हेच कागद वाचून दाखवले. आवाज चढवला नाही, फक्त तीन वर्षांचे आकडे एकापाठोपाठ एक वाचले. सभा गप्प झाली. त्या वर्षी अंगणवाडीला संडास आणि नळ मिळाला. अंगणवाडीतल्या सेविकाबाई तोपर्यंत शेजारच्या घरी जात होत्या. 

शहरातल्या मैत्रिणींनाही वाट आहे. पुणे महापालिकेने २००६-०७ च्या अर्थसंकल्पापासून आपल्या भागातली कामं नागरिकांकडून सुचवून घ्यायला सुरुवात केली. बस थांब्यावर दिवा, भाजी मंडईत स्वच्छतागृह, शाळेसमोर गतिरोधक, अशी कामं एका अर्जावर सुचवता येतात. आपल्या शहरात अशी सोय नसेल, तर ती का नाही, हे नगरसेवकाला विचारता येतं.

येत्या अर्थसंकल्पाच्या वेळी एवढंच करून बघा. आपल्या घराला लागणारी एक गोष्ट निवडा, दवाखाना, शाळा, पाणी, रेशन, अंगणवाडी, कुठलीही. तिच्यावरचा पाच वर्षांचा खर्च एका कागदावर लिहून काढा. एकूण खर्चातला तिचा वाटा काढा, भागाकार आपल्याला शाळेपासून येतो. आणि शेजारी हेही लिहा, की त्या पाच वर्षांत त्याच गोष्टीसाठी आपल्या खिशातून आणि आपल्या वेळातून किती गेलं. मग तो कागद घेऊन चौघी मैत्रिणी एकत्र बसा आणि ग्रामसभेला किंवा वॉर्ड ऑफिसला जा. चौकटीत ‘स्वस्त-महाग’ काय आलंय, ते वाचायचं त्या दिवशी राहून गेलं तरी चालेल.